बेट ते बेट: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ, प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

आजपासून नोंदी चालू. काय करायचंय ते आधी लिहून ठेवतो. दोन बेटं टाकायची, खाली हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ आला पाहिजे, बस. असले कॅल्क्युलेटर ढीगभर आहेत पण बहुतेक सगळे एकच काम करतात, अंतर काढतात, त्याला ८०० नाहीतर ९०० ने भागतात, वर अर्धा तास टाकतात आणि उत्तर छापून मोकळे. मोठ्या शहरांना ते खपून जातं कारण तिथे रोज विमानं आहेत, आजूबाजूला दहा विमानतळ आहेत. लांबच्या बेटांना तेच गणित लावलं की जिथे विमान उतरायला जागाच नाही तिथलाही उड्डाणाचा वेळ अगदी ठामपणे मिनिटांसकट मिळतो, आणि ते मला फार खटकतं, कारण बघणारा माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

पहिली जोडी इस्टर बेट आणि ताहिती. इस्टरचा विमानतळ मातावेरी, ताहितीचा फाआ. मध्ये दक्षिण प्रशांत महासागर आणि थोडेसे विखुरलेले अटॉल (प्रवाळाची कंकणासारखी बेटं). सगळे प्रश्न या एका जोडीत सापडतील असं वाटतंय.

७ जानेवारी

अंतर झालं. मातावेरी २७.१६५ दक्षिण, १०९.४२२ पश्चिम. फाआ १७.५५७ दक्षिण, १४९.६११ पश्चिम. हॅवरसाइन सूत्र (गोलावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं) वापरलं, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरून. उत्तर ४,२४९ किमी, म्हणजे २,२९४ नॉटिकल मैल (एक म्हणजे १.८५२ किमी). कोडबरोबर कागदावरही करून बघितलं, जुळलं.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्ताशी थोडी फुगलेली आहे, म्हणून गोल धरून काढलेल्या अंतरात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडू शकतो. या जोडीत तो काही किलोमीटरचाच आहे, विमानाच्या वेळेत अर्धा मिनिटसुद्धा नाही. तरी डब्ल्यूजीएस ८४ वालं (पृथ्वीचा खरा आकार धरणारं) गणित नंतर घालणार, पण घाई नाही. वेळेच्या आकड्यात खरी गडबड दुसरीकडून येणार आहे, दशांश चिन्हापुढे आकडे वाढवून काही मिळत नाही.

९ जानेवारी

आज दिशेचं काम केलं आणि हा भाग मला मनापासून आवडला. इस्टरहून ग्रेट सर्कलने (गोलावरच्या सर्वात जवळच्या वाटेने) निघायचं तर सुरुवातीची दिशा येते २७६ अंश, म्हणजे जवळजवळ सरळ पश्चिम, उत्तरेकडे जरासा कल. ताहितीला पोचताना तीच दिशा २९२ अंश झालेली असते. वैमानिकाने कुठेही मुद्दाम वळण घेतलेलं नाही, सर्वात जवळच्या वाटेनेच गेलाय, तरी होकायंत्राच्या हिशोबात १६ अंश वळलाय (हे खऱ्या उत्तरेवरून मोजलेलं, चुंबकीय उत्तर वेगळी). ग्लोबवर दोरा ताणून धरला की लगेच दिसतं, दोरा आधी दक्षिणेकडे फुगतो आणि मग वर चढतो.

आता नेहमीच्या सपाट नकाशावर दोन बेटांमध्ये पट्टी ठेवून रेष मारली तर दिशा सगळीकडे एकच राहते, २८४.५ अंश. या वाटेचं अंतर काढलं तर ४,२६२ किमी. म्हणजे फक्त १३ किमी जास्त! मला वाटलं होतं बराच फरक निघेल, पण दोन्ही बेटं विषुववृत्तापासून फार लांब नाहीत, तिथे सपाट नकाशा कमी फसवतो. ध्रुवांच्या जवळ जाल तसा हा फरक वाढत जातो. टूलमध्ये दोन्ही अंतरं दाखवायची का यावर विचार केला आणि नको ठरवलं. नकाशावरची वक्र रेष मात्र दाखवणार, ती बघून माणूस थांबतो आणि विचारतो की अशी वाकडी का.

१२ जानेवारी

वेळ. खरं काम इथून चालू होतं.

आधी वेग. इस्टर बेटावर येणारी मोठी विमानं म्हणजे मुख्यतः बोइंग ७८७, चिलीतल्या सान्तियागोहून येणारी. ७८७ चा क्रूझचा (वर पोचून स्थिर उडतानाचा) वेग माक ०.८५ च्या आसपास. पण माक म्हणजे आवाजाच्या वेगाच्या किती पट, आणि आवाजाचा वेग तापमानावर ठरतो. ३८,००० फुटांवर प्रमाण वातावरणात उणे ५६.५ अंश सेल्सियस, तिथे आवाजाचा वेग साधारण ५७४ नॉट (ताशी नॉटिकल मैल). त्याचे ०.८५ म्हणजे ४८८ नॉट, ताशी ९०० किमीच्या थोडं वर. हा हवेतला वेग आहे, जमिनीवरून किंवा इथे पाण्यावरून मोजलेला नाही, आणि वाऱ्याचा प्रश्न नेमका इथेच येतो.

वारा शून्य धरला तर २,२९४ भागिले ४८८, ४ तास ४२ मिनिटं. त्यात चढण्या-उतरण्याचा तोटा मिळवायचा, कारण वर जाताना आणि खाली येताना विमान क्रूझच्या वेगाने जात नाही, शिवाय शेवटी रनवेला सरळ रेषेत यायला थोडं फिरावं लागतं. त्याला मी सगळं मिळून १८ मिनिटं धरतोय. म्हणजे बरोबर ५ तास.

आता वारा. या पट्ट्यात वरच्या थरात वारे बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात जास्त जोरात. सरासरी ४० नॉट धरून बघितलं (हा माझा धरलेला आकडा, रोजचा नाही). इस्टरहून ताहितीला जाताना वारा तोंडावर, वेग उरतो ४४८, वेळ ५ तास २५ मिनिटं. ताहितीहून इस्टरला येताना वारा पाठीवर, वेग ५२८, वेळ ४ तास ३९ मिनिटं. एकाच अंतराला जायला आणि यायला पाऊण तासाचा फरक, आणि हे बऱ्यापैकी शांत वाऱ्यात. म्हणजे टूलमध्ये "वेळ" असा एकच रकाना ठेवणं चूक ठरेल. दोन रकाने, जाताना आणि येताना, आणि प्रत्येकाला एक आकडा नाही तर एक पट्टा. हे आजचं सगळ्यात महत्त्वाचं ठरलेलं.

१३ जानेवारी

छोटी नोंद. वरचे सगळे आकडे हवेतल्या वेळेचे आहेत. तिकिटावर असते ती वेळ गेटपासून गेटपर्यंतची, त्यात टॅक्सी करणं (विमान जमिनीवर चालवणं) आलं, रनवेवर थांबणं आलं. छोट्या बेटांवर टॅक्सीला फार वेळ लागत नाही पण रनवेला समांतर टॅक्सीवे नसला तर विमानाला रनवेवरूनच मागे जाऊन टोकाला वळावं लागतं. १० मिनिटं धरली, वेगळी ओळ म्हणून दाखवणार, हवेतल्या वेळेत मिसळणार नाही.

१६ जानेवारी

सूत्र कुठे तुटतं ते शोधायला एकदम दुसऱ्या टोकाला गेलो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं, त्यातली वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे. मधलं हवाई अंतर २.७ किमी, जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण. माझ्या सूत्राने इथे १८ मिनिटं येतात, कारण चढ-उताराचे १८ तसेच बसलेत! प्रत्यक्षात वेळापत्रकात दीडदोन मिनिटं असतात आणि वारा चांगला असला तर एक मिनिटाच्या आत, विक्रम ५३ सेकंदांचा. तिथे ब्रिटन-नॉर्मन आयलंडर हे छोटं विमान उडतं, क्रूझ ताशी २४० किमीच्या आसपास, त्या वेगाने २.७ किमीला ४० सेकंद. म्हणजे नुसता वेगाने भागाकार केला तर उत्तर खऱ्याच्या किती जवळ जातं बघा. ते विमान उंचावर चढतच नाही, त्यामुळे चढण्याचा तोटाही नाही.

म्हणून चढ-उताराचा आकडा आता अंतराबरोबर आणि विमानाच्या प्रकाराबरोबर बदलतो. छोट्या अंतराला छोटं विमान, खालची उंची, तोटा जवळपास शून्य. लांब अंतराला जेट.

१९ जानेवारी

आजची तारीख बघून आठवलं, १९५१ साली याच दिवशी चिलीच्या हवाई दलाचे रोबेर्तो पारागे ला सेरेनाहून कॅटलिना विमानातून इस्टर बेटाकडे निघाले होते. विमानाचं नाव मानुतारा. चिलीतून इस्टरला पोचलेलं ते पहिलं विमान, २० तारखेला उतरले. हवेत १९ तासांहून थोडा जास्त वेळ लागला.

जुन्या उड्डाणावर सूत्र तपासायची ही चांगली संधी. ला सेरेना ते इस्टर माझ्या कोडने ३,७३० किमी येतं. त्याला १९ ने भागलं तर ताशी १९६ किमी, १०६ नॉट. कॅटलिनाचा क्रूझ साधारण ताशी २०० किमी. जुळतंय, आणि एकदम व्यवस्थित जुळतंय. म्हणजे सूत्र साधं असलं तरी विमानाचा वेग खरा दिला की खरं उत्तर देतं.

पण त्या १९ तासांचा विचार करत बराच वेळ बसलो. त्या वेळी बेटावर आजच्यासारखा डांबरी रनवे नव्हता, उपग्रहावरून जागा सांगणारं काही नव्हतं, रात्रभर पाण्यावरून जायचं आणि सकाळी २४ किमी लांबीचं एक बेट नेमकं सापडायला हवं. दिशेत १ अंशाची चूक झाली तर ३,७३० किमीवर तुम्ही ६५ किमी बाजूला असता. एवढ्या बाजूला गेलात तर बेट दिसेलच असं नाही. ९ तारखेला मी १३ किमीचा फरक सोडून दिला, तो टूलच्या वेळेसाठी ठीक आहे, पण दिशेचे अंश कधीच सोडून द्यायचे नाहीत. दिशा आता दशांशासकट दाखवणार.

२२ जानेवारी

आजचा पूर्ण वेळ इंधनात गेला. टूलमध्ये हे कितपत घालायचं ते नक्की नाही, पण समजून घेतल्याशिवाय बेटांच्या उड्डाणाबद्दल काही बोलूच नये असं माझं मत झालंय.

नेहमीच्या उड्डाणात वैमानिकाकडे पर्यायी विमानतळ असतो, इथे हवा खराब असली तर शेजारी जातो. इस्टरला शेजारच नाही. सान्तियागो ३,७५० किमी, ताहिती ४,२४९. अशा विमानतळांसाठी आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) नियमांत आयसोलेटेड एरोड्रोम अशी वेगळी तरतूद आहे. जेट विमानाने तिथे पोचल्यावर क्रूझच्या खपाने दोन तास उडता येईल एवढं इंधन शिल्लक ठेवायचं, शेवटचा राखीव साठा त्यातच धरून. ७८७ ताशी ५ टनांच्या आसपास इंधन खातं, म्हणजे १० टन फक्त वाट बघण्यासाठी. आणि वाटेत एक जागा ठरवलेली असते, तिथे पोचेपर्यंत बेटावरची हवा आणि रनवे ठीक असल्याचं कळलं पाहिजे, नाहीतर मागे फिरायचं. ती जागा ओलांडली की मग उतरायचं ते बेटावरच.

मातावेरीला रनवे एकच आहे, पण लांब आहे, ३,३१८ मीटर. १९८० च्या दशकात नासाच्या पैशातून वाढवला, स्पेस शटलला संकटात उतरायला जागा हवी होती म्हणून. शटल तिथे कधी उतरलं नाही, पण मोठी जेट विमानं आरामात उतरतात ती त्यामुळे.

मग दुसरं गणित, इंजिन बंद पडलं तर कुठे जायचं. ताहितीहून इस्टरला येताना, पाठीवर ४० नॉट वारा, एका इंजिनवर हवेतला वेग ४०० नॉट धरला. पुढे जायचा वेग ४४०, मागे फिरायचा ३६०. ज्या बिंदूपासून दोन्हीकडे सारखाच वेळ लागतो तो ताहितीपासून १,०३२ नॉटिकल मैलांवर येतो. अर्ध्या वाटेवर नाही, त्याच्या ११५ मैल आधी, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला सरकलेला. तिथून कुठल्याही बाजूला २ तास ५२ मिनिटं. १७२ मिनिटं! दोन इंजिनांच्या विमानांना ईटॉप्सचा नियम असतो, एका इंजिनवर जवळच्या योग्य विमानतळापासून किती मिनिटांपर्यंत लांब जाता येईल याचा. १८० मिनिटांच्या परवानगीत हे जेमतेम बसतं. वारा वाढला तर बिंदू सरकतो, मिनिटं मात्र तीच राहतात. ७८७ ला अमेरिकेच्या एफएएने (तिथली विमान वाहतूक नियामक संस्था) २०१४ मध्ये ३३० मिनिटांपर्यंत मान्यता दिलीय, त्यात काहीच अडचण नाही.

शिवाय मध्ये हाओ अटॉल आहे. फ्रान्सने अणुचाचण्यांच्या काळात तिथे लांब रनवे बांधला. इस्टरपासून ३,३८० किमी. विमान कंपनीने तो पर्याय म्हणून मान्य केलेला असेल तर हा बिंदू इस्टरच्या बाजूला सरकतो आणि मिनिटं कमी होतात. म्हणजे एक रनवे, जिथे विमान कधी उतरणारही नाही, तरी नुसता असण्याने वाट सोपी करतो. हे मला फार भारी वाटलं.

ठरलं, टूलमध्ये "सर्वात जवळचा दुसरा रनवे" ही ओळ घालायची. अंतर आणि वेळ यांच्याइतकीच ती महत्त्वाची आहे.

२५ जानेवारी

दुसरी जोडी, दक्षिण अटलांटिकमधली सेंट हेलेना आणि असेन्शन. अंतर १,३०१ किमी, ७०३ नॉटिकल मैल. सेंट हेलेनाला एम्ब्राएर १९० येतं, माक ०.७८ धरला तर ४४७ नॉट, १ तास ३४ मिनिटं, चढ-उतार धरून १ तास ५० च्या आसपास.

आकडा साधा आहे पण त्यामागचं सगळं विचित्र आहे. सेंट हेलेनाचा विमानतळ दरी भरून बांधला, रनवे १,९५० मीटर, समुद्रसपाटीपासून ३१० मीटर उंच, बाजूला कडे. २०१६ च्या मेमध्ये उघडायचा होता पण रनवेच्या एका टोकाकडून येताना विंडशिअर, म्हणजे वाऱ्याचा वेग आणि दिशा अचानक बदलणं, इतकं आढळलं की नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०१७ ला चालू झाली, जोहान्सबर्गहून. त्याआधी आरएमएस सेंट हेलेना हे जहाज होतं, २०१८ मध्ये थांबलं. ७०३ मैल १५ नॉटने जायला ४७ तास. तेच आता दोन तासांच्या आत.

पण! असेन्शनची फेरी महिन्याला एखादीच. माणसाला प्रत्यक्ष लागणारा वेळ १ तास ५० मिनिटं म्हणायचा की पुढच्या विमानाची वाट बघण्यात जाणारे आठवडे धरून? मला वाटतं टूलने दोन्ही सांगावं. "किती वेळा जातं" हा रकाना वाढवला. इस्टर–ताहितीलाही तो लागणार, कारण लॅन चिलीने १९६० च्या दशकाच्या शेवटी चालू केलेली ही फेरी २०२० च्या साथीत बंद पडली. म्हणून माहिती कुठल्या तारखेची आहे तेही प्रत्येक जोडीपुढे छापायचं.

२८ जानेवारी

किरिबाती. एकाच देशाची दोन बेटं, तारावा १७३ पूर्वेला आणि किरितिमाती १५७ पश्चिमेला, मध्ये १८० रेखांश. नुसती रेखांशांची वजाबाकी केली तर ३३० अंश येतात आणि साधं सपाट सूत्र ३६,००० किमीच्या वर अंतर सांगतं. हॅवरसाइनला फरक पडत नाही, साइनचा वर्ग घेतल्यावर ३३० अंश आणि ३० अंश सारखेच. उत्तर ३,२८० किमी. नकाशावरची रेष मात्र डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत पसरते, ती १८० वर तोडून दोन तुकड्यांत काढावी लागते.

या जोडीत अंतरापेक्षा वाट मोठी. बरीच वर्षं या दोन बेटांमध्ये थेट विमान नव्हतं, फिजीतल्या नाडीवरून जावं लागायचं. तारावा–नाडी साधारण २,१८० किमी, नाडी–किरितिमाती ३,५२७. मिळून ५,७०० च्या वर. स्वतःच्याच देशातल्या दुसऱ्या बेटावर जायला दुसऱ्या देशातून, जवळजवळ पावणेदोन पट अंतर. हवाई अंतर आणि हवाई प्रवासाचं अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आता पानावर सगळ्यात वर लिहिणार.

आणि घड्याळ. १९९५ उजाडताना किरिबातीने पूर्वेकडच्या बेटांचा एक दिवस गाळून सगळा देश एका तारखेवर आणला. किरितिमाती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अधिक १४, होनोलुलु उणे १०. दोन्ही जवळजवळ एकाच रेखांशावर, घड्याळात तीच वेळ, तारीख मात्र एक दिवस पुढे. होनोलुलुहून सोमवारी दुपारी निघालात तर तीन तासांनी मंगळवारी संध्याकाळी उतरता. टूलमध्ये पोचायची वेळ दाखवताना वार लिहिलाच पाहिजे.

इस्टर–ताहितीचंही याच हाताने करून टाकलं. ताहिती उणे १०, इस्टर उणे ६, उन्हाळ्यात उणे ५. ५ तास २५ मिनिटं उडून ताहितीला उतरल्यावर घड्याळ फक्त १ तास २५ मिनिटं पुढे गेलेलं, उन्हाळ्यात तर २५ मिनिटंच.

३१ जानेवारी

त्रिस्तान दा कुन्या आणि पिटकेर्न घातले. दोन्हीकडे माणसं राहतात, दोन्हीकडे रनवे नाही. सेंट हेलेनाहून त्रिस्तान २,४३५ किमी, जेटला तीन तास झाले असते, पण त्रिस्तानला जायचं तर केप टाउनहून बोटीने, आठवडाभर. पिटकेर्नला मांगारेवापर्यंत विमान आणि पुढे बोट.

अशा जोडीला वेळेचा रकाना रिकामा ठेवायचा नाही, त्यात "विमान नाही, बोटीने" असं लिहायचं आणि बोट कुठून निघते ते. अंतर मात्र दाखवायचं, अंतर खरंच आहे.

२ फेब्रुवारी

एका जोडीचं पूर्ण उत्तर आता असं दिसतं: मातावेरी ते फाआ, ४,२४९ किमी, निघताना दिशा २७६.०, पोचताना २९१.९. हवेत जाताना ५ तास ते ५ तास २५, येताना ४ तास ४० ते ५ तास. जमिनीवर आणखी १०. सर्वात जवळचा दुसरा रनवे, फेऱ्या, माहितीची तारीख. थोडं लांबलंय पण यातलं काहीही काढावंसं वाटत नाही. राहिलेलं काम म्हणजे वाऱ्याचे महिन्यावार आकडे, ४० नॉट सगळीकडे लावून चालणार नाही, विषुववृत्ताजवळ तर अजिबातच नाही. उद्या तारावापासून चालू करतो.